सांवेरचे शेत, इंदूरचा फोन: ‘मेघदूत’ ॲप आणि त्याच्या सोबत्यांविषयी

इंदुरातील ज्या मराठी कुटुंबांची जमीन सांवेर, देपालपूर, महू किंवा थोडी पुढे देवास-धारच्या बाजूला आहे, त्यांपैकी बऱ्याच घरांत आता एकच व्यवस्था दिसते: राहणे शहरात, मुलांच्या नोकऱ्या शहरात, आणि शेत एखादा भाऊ, दीर किंवा बटईदार सांभाळतो. आमचेही तसेच आहे. सांवेर तहसिलीतील आमची काळी जमीन धाकटे दीर पाहतात. खरिपात सोयाबीन आणि रब्बीत गहू-हरभरा घेतात. पाऊस, फवारणी आणि पाणी यांविषयीची माहिती वाचून त्यांना कळवण्याचे काम, फोनशी माझी ओळख अधिक असल्यामुळे, माझ्याकडे आले आहे. या कामासाठी ‘मेघदूत’ हे सरकारी ॲप आम्ही गेले काही हंगाम वापरत आहोत. त्यातील अंदाज वापरण्याजोगा आहे, सल्ला जाणत्या माणसांनी लिहिलेला असतो आणि त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही. तरीही ते एकट्याने उघडून, वाचून बंद करण्याचे ॲप नव्हे. त्यातील माहितीला गावातील लोकांच्या नोंदींची जोड मिळाली तरच शेतातला निर्णय सुधारतो, आणि नेमकी त्या नोंदींसाठी ॲपने जागा ठेवलेली नाही.

‘मेघदूत’ ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाले. भारतीय हवामान विभाग, पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषद या तिघांचे ते काम असून आरंभी ते देशातील १५० जिल्ह्यांपुरते होते. फोन क्रमांक देऊन भाषा, राज्य आणि जिल्हा निवडला की पुढील पाच दिवसांचे तापमान, पाऊस, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा समोर येते. पिकांविषयीचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी नव्याने येतो. मध्य प्रदेशातील जिल्ह्यांचा सल्ला हिंदीत असतो आणि इंदूरकर मराठी माणसाला त्याची काहीच अडचण नाही. लातूर-अकोल्याकडे सोयाबीन पिकवणाऱ्या नातेवाइकांनी आपला जिल्हा निवडला तर त्यांना तो मराठीत वाचता येतो.

इंदूर जिल्ह्याचा सल्ला येथील कृषी महाविद्यालयातील कृषी-हवामान केंद्रात तयार होतो. अशी १३० केंद्रे देशभर आहेत. या महाविद्यालयाचे मूळ १९२४ मध्ये इंदुरात सुरू झालेल्या वनस्पती-उद्योग संस्थेत आहे, आणि तिथेच अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी कंपोस्ट खताची ती रीत बसवली जी पुढे जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली. हॉवर्ड स्वतः येथील शेतकऱ्यांना आपले गुरू म्हणवत. हा उल्लेख केवळ गावाच्या अभिमानापोटी करत नाही. शास्त्रज्ञाने शेतकऱ्याकडून शिकावे आणि शिकलेले जगाला द्यावे, हा व्यवहार ज्या आवारात शंभर वर्षांपूर्वी घडला, त्याच आवारातून निघणारा आजचा सल्ला फोनवर मात्र एकाच दिशेने वाहतो.

आता प्रत्यक्ष वापराकडे येते, आणि सोयाबीनच्या पेरणीपासून सुरुवात करणे योग्य ठरेल, कारण माळव्यात हंगामाचा अर्धा जुगार तिथेच खेळला जातो. मृगाच्या पहिल्या सरींनी जमीन वरून ओली दिसते, शेजाऱ्याची तिफण चालू होते आणि माणसाला थांबवत नाही. इंदूरच्या राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्थेचा सल्ला मात्र दर वर्षी एकच असतो: सुमारे १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याखेरीज पेरणी करू नये, कारण उगवलेल्या रोपांना पावसाच्या पुढच्या खंडात तग धरता आला पाहिजे. ‘मेघदूत’वरील जिल्ह्याच्या सल्ल्यातही हीच सूचना दिसते. प्रश्न असा की आपल्या शेतावर किती पाऊस झाला हे कोणी मोजायचे. दिरांनी मला एकदा स्पष्टच सांगितले, “वहिनी, मिलिमीटर सोडा, पेरू की थांबू तेवढे सांगा.” इंदूरची वर्तमानपत्रे पाऊस इंचांत छापतात, गावात बोलणेही इंचांचेच चालते आणि ॲप मिलिमीटर सांगते. चार इंच म्हणजे साधारण १०० मिलिमीटर, एवढे एकदा भिंतीवर लिहून ठेवल्यावर हा अडसर दूर झाला. मोजणीचा अडसर मात्र ॲपने सुटणारा नव्हता. त्यासाठी प्लास्टिकचा साधा पर्जन्यमापक आणून खळ्यावर, झाड आणि भिंत यांच्यापासून दूर, रोवावा लागला.

हा पर्जन्यमापक आल्यावर ‘मेघदूत’चा अंदाज कसा वाचावा हे आम्हाला खऱ्या अर्थाने कळू लागले. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपतो. रात्री दोन वाजता पडलेली सर आपल्या मनात आजची असली तरी हिशेबात ती कालपासून चाललेल्या चोवीस तासांत मोडते. ही गोष्ट माहीत नसलेला माणूस अंदाज एक दिवस चुकला असे सहज म्हणतो. दुसरी गोष्ट जागेची. ॲपवरील आकडा जिल्ह्याचा किंवा विकासखंडाचा, म्हणजे साधारण तालुक्याएवढ्या भागाचा, असतो, आणि माळव्यातील जुलैचा पाऊस हा असा की क्षिप्रेच्या एका काठावर नाले वाहतात आणि दुसऱ्या काठावर धूळ तशीच राहते. म्हणून अंदाजातील ३० मिलिमीटर हा आपल्या बांधावरचा करार नसून साऱ्या विकासखंडाचा सरासरी अंदाज आहे, हे गृहीत धरूनच तो वाचायला हवा.

याच संदर्भात अंदाजासोबत येणाऱ्या ‘कहीं-कहीं’, ‘कुछ स्थानों पर’, ‘अनेक स्थानों पर’ आणि ‘अधिकांश स्थानों पर’ या शब्दप्रयोगांकडे लक्ष देण्याची मी आग्रहाने शिफारस करते, कारण बहुतेक लोक ते वाचतही नाहीत. हवामान विभागाच्या परिभाषेत पहिल्याचा अर्थ विभागातील केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, दुसऱ्याचा २६ ते ५० टक्के, तिसऱ्याचा ५१ ते ७५ टक्के आणि चौथ्याचा त्याहून अधिक, असा ठरलेला आहे. ‘कहीं-कहीं’ असताना कीटकनाशकाची फवारणी करण्याचा धोका पत्करता येतो. ‘अधिकांश’ असताना औषध धुऊन जाणार हे धरून चालावे. पिवळा, नारंगी आणि लाल या रंगांचेही तसेच आहे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. ६४.५ मिलिमीटरच्या पुढे मुसळधार, ११५.६ च्या पुढे अतिमुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार पाऊस धरला जातो. इंदूरचा वर्षाचा सरासरी पाऊस साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे लाल रंगाच्या एका दिवसात वर्षाचा केवढा वाटा ओतला जाऊ शकतो याची कल्पना येते.

या ॲपची खरी परीक्षा २०२३ च्या खरिपात झाली. त्या वर्षीचा ऑगस्ट देशाच्या १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ठरला. पाऊस सरासरीपेक्षा सुमारे ३६ टक्के कमी होता. माळव्यात सोयाबीन नेमके फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्याच्या अवस्थेत होते. पाच दिवसांच्या अंदाजात शून्यामागून शून्ये दिसत असताना माणूस ॲपवर चिडतो, पण त्या शून्यांनीच आम्हाला उद्या-परवा पाऊस येईल या आशेवर बसू दिले नाही. अशा खंडासाठी सोयाबीन संस्थेचा सल्ला नेमका असतो: जमिनीला भेगा पडण्याच्या आधी पाणी द्यावे, कोळपणी करून वरचा थर मोकळा ठेवावा, काडी-कचऱ्याचे आच्छादन करावे आणि गरज पडल्यास एक टक्का पोटॅशियम नायट्रेटची किंवा पाच टक्के ग्लिसरॉल अथवा मॅग्नेशियम कार्बोनेटची फवारणी करून पानांतून होणारे बाष्पीभवन कमी करावे. यातील ‘भेगा पडण्याच्या आधी’ हे शब्द सर्वांत मोलाचे आहेत, कारण काळी जमीन एकदा फाटली की दिलेले पाणी भेगांतून खाली निघून जाते आणि मुळांना फारसे मिळत नाही. विहिरीत थोडे पाणी असताना ते कधी वापरायचे, हा निर्णय आम्ही त्या ऑगस्टमध्ये आकाशाकडे न पाहता अंदाज पाहून घेतला. मग सप्टेंबरच्या मध्यावर चित्र पालटले. इंदूर-उज्जैन भागात अतिवृष्टी झाली, नर्मदेला पूर आला, आणि ज्या शेतांत महिनाभर पाण्यासाठी जीव टांगणीला लागला होता त्याच शेतांतून पाणी बाहेर कसे काढायचे हा प्रश्न उभा राहिला.

एकाच हंगामात कोरडा खंड आणि अतिवृष्टी अशी दोन्ही टोके येणे ही माळव्यातील बदलत्या हवामानाची आता परिचित चाल आहे, आणि तिच्यावर सरी-वरंब्याने किंवा रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरणी हा उपाय सोयाबीन संस्था बरीच वर्षे सांगत आहे. वरंब्यावरचे पीक अधिकच्या पाण्यात बुडत नाही आणि सरीत मुरलेली ओल खंडात उपयोगी पडते. हा सल्ला ‘मेघदूत’वर वाचून कोणी आपली तिफण बदलल्याचे मात्र माझ्या पाहण्यात नाही. आमच्या भागात ज्यांनी ही पद्धत घेतली त्यांनी ती आधी शेजारच्या गावातील एका शेतात पावसानंतर उभे राहून पाहिली, मग त्या शेतकऱ्याने फोनवर पाठवलेली छायाचित्रे चार जणांनी पाहिली, आणि मग भाड्याच्या यंत्राची चौकशी झाली. हवामान कळवण्यासाठी ॲप पुरते. शेतीची रीत बदलण्यासाठी डोळ्यांनी पाहिलेले आणि ओळखीच्या माणसाने सांगितलेले लागते.

म्हणून आता आम्ही ‘मेघदूत’ कसे वापरतो ते लिहिते. सांवेरच्या आसपासच्या काही गावांतील शेतकऱ्यांचा एक व्हॉट्सॲप गट आहे. त्यात मराठी, माळवी आणि हिंदी या तिन्ही भाषा सरमिसळ चालतात. ज्यांच्याकडे पर्जन्यमापक आहे ते सकाळी साडेआठला आपल्या खळ्यावरचा आकडा टाकतात. मंगळवारी आणि शुक्रवारी ॲपवरचा नवा सल्ला आला की आमच्यापैकी एकजण तो वाचून, त्यातील आपल्या पिकांपुरता भाग स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून गटात टाकतो. लेखी सल्ला लांब असतो. त्यात फळबागा, भाजीपाला आणि जनावरे यांची माहितीही येते, आणि शेतात उभ्या असलेल्या माणसाला तो संपूर्ण वाचणे शक्य नसते. दोन मिनिटांचा आवाज मात्र चहाच्या टपरीवरही ऐकला जातो. त्यानंतर खालची चर्चा सुरू होते: आपल्याकडे पाऊस अंदाजापेक्षा कमी का झाला, चक्री भुंगा कुठे दिसला, पिवळ्या मोझॅकची पाने कोणत्या वाणावर अधिक आहेत, उंटअळीवर कोणी काय फवारले आणि काय परिणाम झाला. हा खालचा भाग वरच्या सल्ल्याइतकाच, कधी कधी त्याहूनही अधिक, उपयोगाचा असतो. त्यात थापाही असतात, औषध विक्रेत्यांची घुसखोरीही असते आणि कोठल्या तरी दुसऱ्या राज्यातील पुराची जुनी चित्रफीत दर पावसाळ्यात न चुकता फिरते. गटाच्या जाणत्या मंडळींनी म्हणून एक शिस्त घातली आहे: अंदाज टाकायचा तर हवामान विभागाचाच, आणि फवारणीचा अनुभव लिहायचा तर औषधाचे नाव, प्रमाण आणि पिकाची अवस्था यांसह.

माळव्याला हा प्रकार नवा नाही. आकाशवाणीचे इंदूर केंद्र १९५५ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या शेतीविषयक कार्यक्रमातील नंदाजी-भेराजी ही जोडी माळवीत गप्पा मारत बियाणे, खत आणि पाऊस यांविषयी बोलत असे. त्या कार्यक्रमात माहिती कोणी वाचून दाखवत नसे. एक विचारी, दुसरा उत्तर देई, आणि ऐकणाऱ्याला आपल्या मनातला प्रश्न तिथे सापडे. जानेवारी २००० मध्ये शेजारच्या धार जिल्ह्यात ‘ज्ञानदूत’ ही संगणक केंद्रांची योजना सुरू झाली, जिला त्याच वर्षी स्टॉकहोम येथे पुरस्कार मिळाला. आणि त्याच वर्षी आयटीसी कंपनीने मध्य प्रदेशातील सोयाबीन पट्ट्यात ‘ई-चौपाल’ उभ्या केल्या, ज्यांत गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी संगणक असे आणि मंडीचा भाव व हवामान तिथे जाऊन पाहता येई. या दोन्हींमध्ये यंत्र आणि शेतकरी यांच्यामध्ये एक ओळखीचा माणूस बसलेला होता. स्मार्टफोनने तो मधला माणूस अनावश्यक ठरवला असे वाटते खरे, पण आमच्या गटात आवाज मुद्रित करणारा माणूस त्याच जागी पुन्हा येऊन बसला आहे; त्याला कोणी नेमले नाही आणि कोणी मानधनही देत नाही.

माझी मुख्य तक्रार इथे आहे आणि ती ॲपच्या रचनेविषयी आहे. आमच्या गटात जमलेले पावसाचे आकडे, किडीच्या नोंदी आणि फसलेल्या-साधलेल्या उपायांची माहिती ‘मेघदूत’च्या पानावर त्याच तालुक्यातील इतरांना दिसेल, किंवा सल्ला लिहिणाऱ्या केंद्राच्या टेबलावर आपोआप पोहोचेल, अशी सोय त्यात नाही. सल्ला खाली येतो, अनुभव वर जात नाही. हवामान विभागाने सामान्य लोकांकडून पाऊस, गारपीट, वीज यांची निरीक्षणे मागवणारे स्वतंत्र पान सुरू केले आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण ते वेगळ्या दाराने जावे लागणारे पान आहे आणि शेतकरी रोज उघडतो ते ॲप वेगळे. दुसरीकडे, कृषी विज्ञान केंद्रांतील १९९ जिल्हा कृषी-हवामान घटक, जे विकासखंडाच्या पातळीवर सल्ला तयार करून गावांशी संपर्क ठेवत होते, ते २०२४ मध्ये बंद करण्यात आले. अंदाज सूक्ष्म होत असताना तो समजावून सांगणारी माणसे कमी व्हावीत, हा क्रम मला उलटा वाटतो.

अंदाज सूक्ष्म होत आहे हे मात्र खरे, आणि त्याचे श्रेय दिले पाहिजे. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतीच्या पातळीवरील अंदाज ‘मेरी पंचायत’ ॲप आणि ‘ई-ग्रामस्वराज’ हे सरकारी संकेतस्थळ यांवर मिळू लागला. मे २०२५ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ कार्यान्वित झाली. पूर्वीच्या १२ किलोमीटरच्या चौकटीऐवजी ती ६ किलोमीटरच्या चौकटीत अंदाज वर्तवते. क्षिप्रेच्या दोन काठांचा जो प्रश्न मी वर मांडला तो यामुळे पूर्णपणे सुटणार नाही, परंतु सांवेर आणि महू यांना एकाच मापाने मोजण्याची वेळ कमी येईल. ग्रामपंचायतीचा अंदाज पाहायला मिळत असेल तर पावसासाठी तो आणि पिकाच्या सल्ल्यासाठी ‘मेघदूत’, अशी जोडी मी सुचवीन.

पाच दिवसांचा अंदाज एका बाबतीत मुळातच अपुरा आहे. बियाणे कोणत्या वाणाचे घ्यायचे, लवकर येणारे की उशिराचे, ट्रॅक्टर कधी सांगून ठेवायचा, हे निर्णय पेरणीच्या तीन-चार आठवडे आधी होतात. इथे ॲपपेक्षा साधा एसएमएस पुढे गेला. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेला मान्सूनच्या स्थानिक आगमनाचा अंदाज १३ राज्यांतील सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना एसएमएसने पाठवला. हा अंदाज चार आठवड्यांपर्यंत आधीचा होता आणि मान्सून मध्येच रेंगाळणार हेही त्यात आधी सांगितले गेले. ज्या बटईदाराकडे बटणांचा फोन आहे त्याच्यापर्यंत पोहोचणारे माध्यम हेच. याशिवाय हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या आठवड्यांचा विस्तारित अंदाज काढतो. तो शास्त्रीय भाषेत असतो, पण गटातील कोणा एकाला वाचता येत असेल तर खंडाची चाहूल त्यातून लागते.

‘दामिनी’ या ॲपविषयी वेगळे लिहिणे आवश्यक आहे, कारण त्याच्या वापराची रीत ‘मेघदूत’च्या नेमकी उलट आहे. पुण्याच्याच संस्थेने ते तयार केले असून फोन ज्या ठिकाणी आहे त्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात विजा पडत असतील तर ते सूचना देते. विजेने होणाऱ्या मृत्यूंच्या राष्ट्रीय नोंदींत मध्य प्रदेश वारंवार पहिल्या क्रमांकावर असतो, आणि यातील पुष्कळ माणसे शेतात काम करताना किंवा झाडाखाली आसरा घेतल्यावर मरतात. ‘मेघदूत’ मी इंदुरात बसून वाचले तरी चालते, कारण मंगळवारचा सल्ला संध्याकाळी कळवला तरी बिघडत नाही. ‘दामिनी’ माझ्या फोनवर असून सांवेरच्या शेताला काडीचा उपयोग नाही. ते खुरपणी करणाऱ्या बायांपैकी एकीच्या तरी फोनवर, स्थान दाखवण्याची परवानगी चालू ठेवून, असले पाहिजे. शहरात राहून शेत करणाऱ्या आमच्यासारख्या मंडळींनी आपल्या फोनऐवजी त्यांच्या फोनवर ते चढवून द्यावे आणि सूचना आली की झाडाखाली न जाता घराकडे निघायचे, हे समोर बसून समजावून सांगावे. हे सांगण्याचे काम फोनवरून नीट होत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ हे इशारे देणारे ॲपही जवळ ठेवण्याजोगे आहे. त्याच यंत्रणेशी जोडलेली, मोबाइल टॉवरच्या कक्षेतील सर्व फोनांवर एकाच वेळी कर्कश आवाजासह इशारा देणारी व्यवस्था सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने विकसित केली, आणि २०२३ मध्ये तिच्या चाचण्या झाल्या तेव्हा इंटरनेट बंद असलेल्या फोनांनीही घरात एकदम ओरड केली होती, हे अनेकांना आठवत असेल.

रब्बीत ‘मेघदूत’चा उपयोग खरिपापेक्षा अधिक निवांतपणे होतो, आणि मला तो अधिक आवडतो. ओंबीत आलेल्या गव्हाला पाणी द्यायचे तर वाऱ्याचा वेग आधी पाहावा, कारण भिजलेल्या जमिनीत उभे उंच पीक जोराच्या वाऱ्याने लोळते आणि लोळलेल्या गव्हाचे दाणे बारीक राहतात. ॲपवर वाऱ्याचा आकडा पाच दिवसांचा दिसत असल्याने पाण्याची पाळी एक दिवस मागे-पुढे करता येते. डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान वेगाने उतरू लागले तर हरभऱ्यावर आणि महूकडच्या बटाट्यावर हिमदव पडण्याची भीती असते. अशा वेळी संध्याकाळी हलके पाणी देणे आणि बांधावर धूर करणे हा सल्ला वेळेवर येतो. फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीपुढे मात्र कोणतेही ॲप फारसे काही करू शकत नाही. कापलेले पीक ताडपत्रीखाली घेणे एवढेच हाती राहते. सोयाबीनच्या काढणीलाही हेच लागू आहे: सुमारे ९० टक्के शेंगांचा रंग बदलला की पीक काढणीस तयार होते, आणि त्या आठवड्यात पावसाचा अंदाज असेल तर आज कापून ढीग झाकायचा की उभे ठेवायचे, याचा निर्णय पाच दिवसांचा तक्ता समोर ठेवून घेता येतो. भिजलेल्या दाण्याला छावणीच्या मंडीत काय भाव मिळतो हे सांगायला नको.

सोयाबीन, गहू, हरभरा अशी शेतातली पिके घेणाऱ्यांनी ‘मेघदूत’ अवश्य घ्यावे. ज्यांना केवळ इंदुरात आज छत्री न्यायची का एवढेच पाहायचे आहे त्यांच्यासाठी हवामान विभागाचेच ‘मौसम’ हे ॲप अधिक सोपे आहे. शहराभोवती भाजीपाला पिकवून रोज चोइथराम मंडीत माल पाठवणाऱ्यांना आठवड्यातून दोनदा येणारा सल्ला अपुरा वाटेल. त्यांनी अंदाजापुरते ॲप ठेवून शंका आली की किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर विचारावे. ही सेवा २००४ पासून सुरू आहे, सकाळी सहा ते रात्री दहा वाजेपर्यंत मिळते आणि मराठीतही बोलता येते. फोन करताना पिकाचे वाण, पेरणीची तारीख आणि मागच्या आठवड्यात आपल्या खळ्यावर मोजलेला पाऊस हाताशी लिहून ठेवावा, म्हणजे पलीकडून येणारे उत्तर आपल्या शेताचे असते.